प्लग गरम लागतो म्हणालीस ना?

मनू, काल रात्री फोनवर तू घाईत होतीस, मागे मैत्रिणींचा गलका चालला होता, म्हणून मी एवढंच म्हटलं की गिझर आधी बंद कर आणि सकाळचं पाणी गॅसवर तापव. पण फोन ठेवल्यावर मला काही केल्या झोप लागेना. "ताई, प्लग जरा गरम लागतो आणि माशासारखा वास येतो, पण घरमालक म्हणाले काही होत नाही, गिझर नवाच आहे," असं तू किती सहज सांगितलंस! अगं, तो माशासारखा वास म्हणजे सॉकेटचं प्लॅस्टिक भाजत असतं. जळल्याचा वास येतो, धूर निघतो, ते सगळं नंतर. आधी हा वास येतो. तेव्हा आज निवांत बस, चहा घे आणि माझं सगळं नीट ऐक.

तू लगेच म्हणशील, ताई, मी कॉमर्सची, मला ते फिजिक्स सांगू नकोस. नाही सांगत. मला फक्त एक गुणाकार आणि एक भागाकार हवाय, आणि ते तू माझ्यापेक्षा भराभर करतेस. नववीला आपल्याला 'धाराविद्युत' नावाचा धडा होता, त्यात विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द होते. परीक्षा झाली आणि आपण ते विसरलो. मीही विसरले होते. आयटीआयला वीजतंत्रीला गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो धडा आपल्या बाथरूमच्या दाराशी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रोज घडत असतो.

आता उठ आणि एक काम कर. मेन स्विच बंद करून गिझरच्या अंगावरची ती चंदेरी पाटी ओल्या नाही, कोरड्या फडक्याने पूस. तिच्यावर २३० व्होल्ट आणि २००० वॅट असे दोन आकडे असतील. पंधरा लिटरचा गिझर म्हणजे बहुतेक तेच. आता २००० ला २३० ने भाग. ८.७ आलं ना? तुझा गिझर चालू असतो तेव्हा त्या वायरीतून ८.७ अँपियर करंट वाहत असतो. हे झालं एक.

आता सॉकेटकडे बघ. तू म्हणालीस की गिझरचा जाड पिनांचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसत नव्हता म्हणून मालकांनी मध्ये एक कन्व्हर्टर लावून दिलाय. जाड पिना एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूला बारीक पिना बाहेर. त्या बारीक पिनांच्या सॉकेटवर, नीट निरखून पाहिलंस तर, ६ अँपियर असं कोरलेलं दिसेल. वीस-तीस रुपयांचा तो कन्व्हर्टर किती घरांत मी पाहिलाय, आणि प्रत्येक वेळी मला राग येतो. जाड पिनांचा १६ अँपियरचा प्लग बारीक सॉकेटमध्ये मुळी शिरूच नये म्हणूनच पिना जाड केलेल्या असतात. ती सोय आहे आपल्या जिवाची. कन्व्हर्टर लावला की ती सोय गेली.

सहाची ताकद असलेल्या सॉकेटमधून तुम्ही चौघी रोज सकाळी तासभर ८.७ ओढताय. जवळजवळ दीडपट. आणि इथेच लोक फसतात, कारण दीडपट म्हटलं की वाटतं, उष्णता दीडपट वाढेल, चालायचंच. तसं होत नाही. एखाद्या जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. तुझ्या हिशेबाने नेमकं धरलं तर २.१. म्हणजे त्या सॉकेटने जेवढी उष्णता सोसावी म्हणून तो घडवला, त्याच्या दुप्पट उष्णता तो सोसतोय. मालकांचं म्हणणं खरंच आहे, गिझर नवा आहे. गिझरला काहीच झालेलं नाही. भाजतोय तो सॉकेट.

एवढ्यावर मी थांबले असते. पण उद्या तू दुसऱ्या घरी राहायला जाशील, परवा लग्न होऊन तिसऱ्याच घरी, आणि प्रत्येक ठिकाणी ताईला फोन करता येणार नाही. म्हणून थोडं आणखी.

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. आपल्याकडे घरात तो २३० असतो, म्हणजे असायला हवा. अँपियर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारा करंट. आणि ओहम म्हणजे वाटेतला अडथळा, रोध. तिघांचं नातं साधं आहे: व्होल्टला अँपियरने भागलं की ओहम येतात. व्होल्टला अँपियरने गुणलं की वॅट येतात, म्हणजे ते यंत्र दर सेकंदाला किती ऊर्जा खातंय ते. पहिला भागाकार रोध सांगतो, दुसरा गुणाकार शक्ती सांगतो. पुस्तकात यांची आठ-दहा रूपं देतात, त्रिकोण काढून पाठ करायला लावतात. माझ्या मुलींना, म्हणजे आयटीआयमधल्या माझ्या विद्यार्थिनींना, मी ते पाठ करू देत नाही. ही दोन पक्की असली की बाकीची गरज पडेल तशी काढता येतात.

परवाच मी आपल्या घरच्या गिझरवर हे करून पाहिलं. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखं तोंड असलेला मीटर. वायर न तोडता, न सोलता, त्या चिमट्यात एक फेजची वायर घेतली की करंट दिसतो. दाखवलं ८.४ अँपियर. व्होल्ट मोजले तर २२२. आता २२२ भागिले ८.४ म्हणजे २६.४ ओहम. आणि २२२ गुणिले ८.४ म्हणजे १८६५ वॅट. तुझे भाऊजी बाजूला उभे होते, म्हणाले, पाटीवर २००० लिहिलंय आणि १८६५ च भरतात, फसवलं की दुकानदाराने! मी म्हटलं, थांबा. एलिमेंटचा रोध २६.४ आहे. त्याला पूर्ण २३० दिले तर २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, भागिले २६.४, म्हणजे २००० च्या वर चार वॅट. पाटी खरी आहे. कमी पडलेत ते आठ व्होल्ट, आणि ते गिझरच्या हातात नाहीत. मग वीज बंद करून, एलिमेंटच्या वायरी सोडवून, साध्या मल्टीमीटरने ओहम मोजले. २६ च्या आसपासच आले. इतका आनंद झाला मला! वीस वर्षं हे काम करतेय, पण कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळला की अजूनही तसाच आनंद होतो.

(मल्टीमीटरने ओहम मोजताना वीज बंद पाहिजे आणि वायर सुटी पाहिजे. चालू लाइनवर ओहमच्या रेंजमध्ये मीटर लावला तर मीटर जातो, आणि कधी हातही भाजतो. तू यातलं काहीच करू नकोस, तू फक्त पाटी वाच आणि भागाकार कर. हा इशारा तुझ्यातल्या उत्साही मनूसाठी.)

ज्याच्या नावाने हा ओहम आला तो गेओर्ग ओहम जर्मनीतला शाळामास्तर होता, कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब एकसारखा टिकत नसे. तेव्हा त्याने तांबं आणि बिस्मथ या दोन धातूंचा जोड घेतला, त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं, म्हणजे दाब स्थिर राहिला. आणि मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावत तो बसला, करंट किती कमी होतो ते टिपत. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, पण मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कॉप्ली पदक दिलं तेव्हा चौदा वर्षं उलटली होती. मला त्या माणसाचं फार वाटतं. तारेची लांबी बदलली की काय होतं, हे त्याने इतक्या चिकाटीने पाहिलं, आणि नेमकी तीच गोष्ट आपल्या आजीच्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर घडली होती, आणि आपल्यापैकी एकालाही ती कळली नाही.

आजीची कॉइलची शेगडी तुला आठवते का? मातीच्या गोल पाटात खाचा आणि खाचांतून फिरवलेली स्प्रिंगसारखी नायक्रोमची तार. तू लहान होतीस. लाल झाली की तू तिच्याकडे टक लावून बसायचीस आणि आत्या तुला ओढून मागे न्यायची. ती कॉइल तुटायची. तुटली की काका दोन टोकं ओढून एकमेकांत अडकवायचे, जळका तुकडा काढून टाकायचे आणि शेगडी पुन्हा सुरू. असं दोन-तीनदा झालं. आणि गंमत म्हणजे दर दुरुस्तीनंतर पाणी आधीपेक्षा लवकर तापायचं! काकांच्या हाताला यश आहे, असं आजी सगळ्यांना सांगायची.

आता तो हिशेब बघ. २००० वॅटची कॉइल, म्हणजे रोध साधारण साडेसव्वीस ओहम. दोन-तीन तुकडे जाऊन पाव लांबी कमी झाली असं धर. रोधही पावाने कमी, उरले वीसच्या जरा आत, १९.८ ओहम. दाब तोच २३०. २३० भागिले १९.८, करंट झाला ११.६ अँपियर. २३० गुणिले ११.६, शक्ती झाली साधारण २६७० वॅट. म्हणून पाणी लवकर तापत होतं. तार छोटी, वाहणारा करंट जास्त, म्हणून तीच तार आणखी लाल होऊन आणखी लवकर तुटत होती. आणि फ्यूज जायला लागला तेव्हा काकांनी फ्यूजला दुपदरी तार घातली. काका कष्टाळू माणूस, सगळ्यांसाठी राबणारा, त्यांना कुणी हा भागाकार सांगितलाच नव्हता. एका संध्याकाळी मीटरच्या फळीवरची वायर वितळली, तिचं काळं आवरण थेंबाथेंबाने खाली ठिबकलं. आप्पांनी कटआउट ओढला म्हणून निभावलं. त्या भिंतीवरचा काळा ओघळ दोन दिवाळ्या चुना मारूनही जात नव्हता. तो मला अजून दिसतो.

आता मनू, नीट लक्ष दे, कारण इथे माझ्या हुशार विद्यार्थिनीही अडखळतात. शेगडीत रोध कमी झाला म्हणून उष्णता वाढली. पण तुझ्या सॉकेटमध्ये रोज झेपेल त्याहून जास्त तापून पिना सैल झाल्या असणार, तिथे रोध वाढलाय, म्हणून उष्णता वाढतेय. मग खरं काय? रोध कमी झाल्यावर जास्त तापतं की वाढल्यावर?

दोन्ही खरं आहे. काय कायम आहे ते आधी विचारायचं.

शेगडी थेट २३० व्होल्टला लावलेली. दाब कायम. अडथळा कमी केलास की करंट भरमसाट वाढतो आणि शक्तीही वाढते. पण तुझ्या सॉकेटची सैल पीन एकटी नाही. तिच्या पुढे, त्याच वाटेवर, गिझरचा साडेसव्वीस ओहमचा एलिमेंट बसलेला आहे. करंट किती वाहायचा हे तो मोठा ठरवतो. पिनेपाशी अर्धा ओहम वाढला तर एकूण झाले सत्तावीसच्या जवळ, करंट ८.७ वरून ८.५ वर आला, बस. एवढा करंट त्या बिचाऱ्या पिनेतून जाणारच. आणि जो करंट ठरलेला आहे तो जास्त अडथळ्यातून गेला की तिथे जास्त उष्णता. ८.५ चा वर्ग ७२, त्याच्या निम्मे ३६. छत्तीस वॅट, एका पिनेच्या टोकावर.

छत्तीस वॅट म्हणजे किती? आमच्या प्रॅक्टिकलला सोल्डरिंगची इस्त्री असते, कथील वितळवायची. ती २५ वॅटची असते. पाच मिनिटांत तिचं टोक इतकं तापतं की कथिलाची तार लावताक्षणी पाण्यासारखी पसरते. तुझ्या बाथरूमच्या दाराशी, प्लॅस्टिकच्या डबीत, त्या इस्त्रीहून जास्त उष्णता कोंडलेली आहे. नीट घट्ट बसलेल्या पिनेचा रोध ओहमच्या हजारांशांत मोजावा लागतो, तिथे अर्धा वॅटही तयार होत नाही, म्हणून चांगला प्लग हाताला गार लागतो. तुझा गार लागत नाही.

आणि हे दुखणं आपोआप वाढतं. सॉकेटच्या आत पितळेच्या पात्या असतात, त्या स्प्रिंगसारख्या पिनेला धरून ठेवतात. तापल्या की त्यांचा ताण जातो, पकड सुटते, वर काळा थर चढतो. पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी ताप. म्हणून पहिल्या महिन्यात फक्त कोमट, दुसऱ्यात गरम, आणि मग वास.

मला सर्वांत भीती कशाची वाटते सांगू? हे कुणालाच कळत नाही. त्या अर्ध्या ओहमवर दाब खर्च होतो जेमतेम सव्वाचार व्होल्ट, म्हणून गिझर नेहमीसारखाच पाणी तापवतो. करंट वाढला तर नाहीच, उलट किंचित कमी झाला, म्हणून एमसीबी पडत नाही. एमसीबीला अँपियर कळतात, सॉकेटमधला ताप कळत नाही. "एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे" असं मालक म्हणाले ना? एमसीबी पडणारच नाही गं. या दुखण्यात तो पहारेकरी आंधळा आहे. तिथे तुझं नाक आणि तुझा हात हेच खरे पहारेकरी, आणि त्यांनी तुला वेळेवर सांगितलंय.

दुसरी एक गोष्ट एमसीबीला कळत नाही, ती तर याहून मोठी. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपियर. वॅट काढलेस तर पन्नासच्या जरा वर. म्हणजे माणूस विजेला चिकटलेला असताना एमसीबीला वाटतं, घरात एक छोटा पंखा चालू झाला. तो का म्हणून पडेल? आणि हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो. म्हणून अर्थिंग लागतं आणि आरसीसीबी लागतो, ज्याला बरेच वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपियरला तोडतो, म्हणजे ०.०३ अँपियर. तुझ्या भागाकारात आले त्याच्या सातपटीहून जास्त. तुमच्या बोर्डात तो आहे का बघ. रुंद असतो, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. नसेल तर मालकांना सांगायच्या यादीत तो सगळ्यात वर लिही.

सुट्टीत गावी जातेस तेव्हा तिथला गिझर वेळ लावतो अशी तुझी तक्रार असते. तेही याच हिशेबात बसतं. संध्याकाळी शेतावरचे पंप सुरू झाले की आपल्या वस्तीवर १८० व्होल्ट मिळाले तरी नशीब. रोध तोच २६.४५. करंट उतरला ६.८ वर, आणि १८० गुणिले ६.८ म्हणजे १२२५ वॅट. दाब पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त कमी झाला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्के गेली, कारण दाबाबरोबर करंटही पडतो. वीस अंशांचं पंधरा लिटर पाणी पन्नास अंशांवर न्यायला एरवी सोळा मिनिटं पुरतात, तिथे सव्वीस लागतात. मागे एका दुरुस्तीवाल्याने आईला याच कारणासाठी नवा एलिमेंट विकला. जुना काढून मी मोजला, चांगला धडधाकट होता.

पण आप्पांच्या विहिरीवरच्या मोटरीला हा हिशेब लावू नकोस. तिथे उलटं होतं. मोटरीला पाणी वर ढकलायचंच असतं, दाब कमी झाला की ती जास्त करंट ओढून काम भागवू बघते आणि आतली तार भाजते. उन्हाळ्यात रिवाइंडिंगच्या दुकानासमोर मोटरी रांगेने पडलेल्या असतात त्या याच कारणाने. पंखा, फ्रिज, मिक्सर, एलईडी दिवा यांनाही नुसता व्होल्ट भागिले अँपियर पुरत नाही, त्यांच्या आत गुंडाळ्या असतात, सर्किटं असतात, गुणाकारात आणखी एक आकडा येतो. आपला सरळ हिशेब चालतो तो तापणाऱ्या वस्तूंना: गिझर, इस्त्री, किटली, रॉड, शेगडी. आणि घरातला मोठा लोड याच वस्तूंचा असतो, त्यामुळे तुझं काम भागतं. जुन्या पिवळ्या बल्बचंही एक सांगते. १०० वॅटचा बल्ब थंड असताना मोजलास तर चाळीसेक ओहम दाखवतो. त्यावरून शक्ती काढली तर हजाराच्या वर जाते, आणि मुली मला येऊन सांगतात, मॅडम, मीटर खराब आहे. मीटर चांगला असतो. तार पांढरी तापली की तिचा रोध दहापटीहून वाढून ५२९ ओहमवर जातो. गिझरची नायक्रोम तार अशी बदलत नाही, ती स्वभावाने स्थिर.

बिलाचं पटकन. दोन किलोवॅट अर्धा तास चाललं की एक युनिट. तुम्ही चौघी मिळून रोज तासभर, म्हणजे दोन युनिट, महिन्याला साठ. शंभर युनिटांपुढे दर चढतो हे बिलाच्या मागे बघ, आणि कॉमर्सवाली आहेस, पुढचं तूच मला सांगशील.

आता मालकांशी काय बोलायचं ते. त्यांच्याशी भांडू नकोस. ते वयाने मोठे आहेत, त्यांच्या मनात काही वाईट नाही, फक्त "मुलींना यातलं काय कळतंय" हे त्यांच्या बोलण्यात आलं तर गप्प बसू नकोस. आमच्या बॅचला आम्ही दोघीच मुली होतो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त आकडा सांगते. तूही तेच कर. "काका, गिझर ८.७ अँपियर घेतो आणि सॉकेट ६ चा आहे" एवढं एक वाक्य शांतपणे म्हण. भीती वाटते, वास येतो, असं म्हटलंस की ते समजूत घालतील. आकडा सांगितलास की त्यांना वायरमन बोलवावाच लागेल.

वायरमन आला की तू तिथे उभी राहा. त्याला सांग की कन्व्हर्टर काढून टाका आणि १६ अँपियरचा सॉकेट बसवा. मग विचार, बोर्डापर्यंत आलेली वायर किती स्क्वेअर एमएमची आहे? अडीच असेल तर ठीक. एकची किंवा दीडची असेल तर नुसता सॉकेट बदलून उपयोग नाही, मेनपासून नवी अडीचची तांब्याची वायर ओढावी लागेल, नाहीतर आग सॉकेटमधून उचलून भिंतीत नेऊन ठेवल्यासारखं होईल. त्या लाइनला एमसीबी १६ चाच असू दे. "सारखा पडतो म्हणून ३२ चा टाकतो" असं म्हणाला तर ठाम नाही म्हण. मला आजीच्या घरातली ती दुपदरी फ्यूजची तार आठवते. अर्थिंगची हिरवी वायर खरंच जोडलेली आहे ना, हेही डोळ्यांनी बघ. सॉकेटच्या मागे ती नुसती दुमडून ठेवलेली मी कितीदा पाहिली आहे. स्क्रू घट्ट आवळले का, हे विचारायला लाजू नकोस. काम झाल्यावर गिझर पंधरा मिनिटं चालव, बंद कर आणि प्लगला हात लाव. गार असला पाहिजे, फार तर जेमतेम कोमट.

तोवर इस्त्री आणि किटली एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. एक हजार आणि पंधराशे, मिळून अडीच हजार, भागिले २३०. करून बघ किती येतं ते, आणि बोर्डावर किती लिहिलंय तेही बघ. मैत्रिणींनाही करून दाखव.

संध्याकाळी मला गिझरच्या पाटीचा आणि सॉकेटचा फोटो पाठव, मालकांशी बोलणं झालं की फोन कर. ते टाळाटाळ करायला लागले तर तसं सांग, रविवारी मी माझा मीटर घेऊन येते. तोपर्यंत गिझर बंद आणि पाणी गॅसवर.